‘हवामान कोरडे राहील’ म्हणता, पण सकाळी ९ला कापूस ओला आहे त्याचं काय? हवामान खात्याला खान्देशातून खुलं पत्र

प्रति,
हवामान खात्यातले सगळे साहेब आणि मॅडम,
कुलाबा, मुंबई आणि शिवाजीनगर, पुणे

नमस्कार.

मी तापीकाठचा, चोपड्याकडचा शेतकरी. कापूस, थोडी केळी, आणि जमिनीत ओल बरी राहिली तर दादर ज्वारी. पत्र खुलं लिहितोय कारण विषय माझ्या एकट्याच्या बांधापुरता नाही, रावेरपासून शहाद्यापर्यंत आणि खाली चाळीसगावपर्यंत सगळ्यांचाच आहे. आणि आधीच सांगून ठेवतो, शिव्या द्यायला बसलेलो नाही. पावसाळ्यात तुमचं येलो, ऑरेंज, रेड सगळं बघतो, दामिनी अ‍ॅपवर वीज कुठपर्यंत आली ते बघून बाया शेतातून बाहेर काढतो, दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या मानाने पावसाचा अंदाज पुष्कळ सुधारलाय हे आमच्याकडचे म्हातारेसुद्धा कबूल करतात, आणि त्यांना काही कबूल करायला लावणं किती अवघड असतं ते तुम्हाला माहीत नाही.

माझं म्हणणं पावसाळा उतरल्यानंतरच्या चार-सहा आठवड्यांपुरतं आहे. म्हणजे भाद्रपदात घरात गुलाबाई बसते तिथपासून ते दिवाळीच्या साफसफाईपर्यंत. या दिवसांत तुमचा अंदाज एका ओळीत संपतो. ‘हवामान मुख्यतः कोरडे राहील.’ झालं. पाऊस नाही म्हणून कोरडं, बरोबर आहे तुमच्या हिशोबाने. पण त्याच सकाळी या ना आमच्या शेतात. रस्त्याकडेचा विजेचा खांब दिसत नाही अशी धुई म्हणजे धुकं, कापसाच्या ओळीत चार पावलं टाकली की पँट गुडघ्यापर्यंत ओली, फुटलेल्या बोंडाच्या पाकळीला दहिवराचे, म्हणजे दवाचे, थेंब लटकलेले आणि सरकी हातात दाबली तर बोटाला पाणी लागतं. आणि तिथेच दुपारी १ला उभे राहा, पारा ३४-३५ला, अंगातून पाणी निथळतंय, वारा नावाला नाही. एकाच दिवसात दोन ऋतू. तुमच्या अंदाजात यातला ऑक्टोबर हीटवाला अर्धा भाग येतो, टीव्हीवाले छत्री-गॉगल लावलेल्या मुलींचे फोटो दाखवतात, पण सकाळचा अर्धा भाग कुठेच येत नाही.

हे का होतं ते तुम्हाला सांगायची गरज नाही, पण पत्र खुलं आहे म्हणून आमच्या पोरांसाठी लिहितो, कारण गावात अजून समज असा की धुई पडली म्हणजे थंडी आली. तसं काही नसतं. पाऊस गेला पण जमीन अजून ओली, नाले वाहतायत, तापी-गिरणा भरलेल्या, कालवे चालू, केळीला ठिबक चालू, दिवसभर कडक उन्हाने या सगळ्याची वाफ होत राहते आणि वारा पडलेला असल्यामुळे ती इथल्या इथेच राहते. आणि २३ सप्टेंबरनंतर रात्र दिवसापेक्षा मोठी व्हायला लागते, आकाश निरभ्र असतं, वर ढगांचं पांघरूण नसतं त्यामुळे जमीन रात्री भराभर निवते. सातपुड्याच्या उतारावरची गार जड हवा खाली तापीच्या खोऱ्यात येऊन बसते ती वेगळीच. पहाटे पारा २०ला आला आणि हवेत तेवढी वाफ असली की झालं, आर्द्रता १००, धुई तयार. आता गंमत बघा, तेवढीच वाफ हवेत तशीच ठेवून दुपारी पारा ३५ला गेला की आर्द्रता ४२च्या आसपास येते. वाफ कमी झालेली नसते, हवेची वाफ धरायची ताकद वाढलेली असते. म्हणून तर दुपारच्या आकड्यावरून सगळं कोरडं कोरडं वाटतं आणि पहाटे बांधावर चिखल.

आता यात आमचं नेमकं अडतं कुठे ते जरा सविस्तर सांगतो, कारण मला वाटतं हे तुमच्यापर्यंत कधी कोणी पोचवलंच नसेल.

कापसाची वेचणी किलोवर असते. मजूर बाया सकाळी रिक्षात बसून येतात, त्यांना उन्हाच्या आत काम उरकायचं असतं, दुपारी अडीच-तीनला घरी जाऊन स्वयंपाक, पोरं, पाणी सगळं बघायचं असतं. त्यांचं म्हणणं एकदम रास्त, ८ला ओळीत घाला आणि १२-१च्या आत मोठं काम संपवा, त्या उन्हात कापसात वाकून उभं राहून बघा म्हणजे कळेल. पण ८ला कापूस ओला. ओला कापूस वेचला तर वजन जास्त भरतं, म्हणजे मी दहिवराची मजुरी देतो. त्याचंही सोडा, बायामाणसांशी पाण्याच्या वजनावरून कोण भांडत बसणार. खरी भानगड पुढे आहे. तो ओला कापूस गोणीत दाबून घरात रचला की आतून गरम होतो, पिवळट पडतो, सरकीला वास मारतो. खरेदी केंद्रावर सीसीआयचा, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाचा, नियम ८ टक्के ओलाव्याचा, त्याच्यावर १२पर्यंत भाव कापून घेतात आणि १२च्या वर गेला की गाडी परत. खेडा खरेदीवाला व्यापारी तर मीटरसुद्धा काढत नाही, गोणीत कोपरापर्यंत हात घालतो, तोंड वाकडं करतो आणि भाव पाडतो.

मग आम्ही काय करतो, बायांना सांगतो १०ला या. १०ला आल्या की दोन तासांत ऊन डोक्यावर. म्हणजे दहिवर उतरायची वेळ आणि ऊन चढायची वेळ यांच्या मधे जी खिडकी उरते ती हातात दोन-अडीच तासांची. ती खिडकी कधी ९ला उघडते, कधी साडेदहाला, आणि ज्या दिवशी रात्री ढग आले त्या दिवशी दहिवर पडतच नाही, तेव्हा सकाळी ७ला सुरू करता आलं असतं पण बाया १०ला बोलावलेल्या. रिक्षा ठरलेली, मुकादमाला शब्द दिलेला. सगळी हंगामाची वेचणी या अंदाजपंचे दाहोदरसेवर चालते साहेब! आम्हाला पाऊस येणार का नाही हे कळतं, पण उद्या कापूस किती वाजता वाळेल हे कोणीच सांगत नाही.

केळीचं थोडक्यात सांगतो. पान जितके तास ओलं राहील तितका करप्याला, म्हणजे पानावरच्या रोगाला, जोर. फवारणी करायची तर पहाटे पानावर पाणी, औषध ओघळून जमिनीवर, आणि दुपारी कडक उन्हात तेल मिसळलेली फवारणी मारली तर पान भाजायची भीती. परत तीच मधली खिडकी. जळगावच्या केळीला २०१६मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचे बोर्ड लागले, चांगलंच आहे, पण त्या केळीचं पान रात्रीचं किती तास ओलं राहिलं हे मोजून शेतकऱ्याला सांगणारं कोणी दिसत नाही.

नंदुरबारकडे गेलात तर मिरचीच्या पथारी. लाल मिरची उघड्यावर पसरून वाळवतात, दिवसभर वाळते आणि रात्री दहिवर पिते, ताडपत्री टाकावी तर आत उकडून घाम सुटतो, नाही टाकली तर ओली. तिथेही प्रश्न हाच, आज रात्री झाकायची का नाही.

आणि उलट बाजूही आहे हो, सगळं रडगाणं नाही. दादर ज्वारीला आणि पेरलेल्या हरभऱ्याला हेच दहिवर वरदान, आमच्याकडे कोरडवाहू दादर निम्मी जमिनीच्या ओलीवर आणि निम्मी दहिवरावर येते असंच मानतात. म्हणजे एकाच गावात एकाला धुई नको आणि शेजाऱ्याला दहिवर हवं. म्हणून मी ‘धुक्याचा अलर्ट द्या’ असं सरसकट म्हणतच नाहीये. लाल-पिवळा रंग लावून लोकांना घाबरवायची ही गोष्टच नाही. ही वेळेची गोष्ट आहे.

आता तुमच्या नकाशाबद्दल. महाराष्ट्राचे तुमचे चार भाग, कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ. आम्ही मध्य महाराष्ट्रात. त्याच मध्य महाराष्ट्रात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर, नाशिक. म्हणजे महाबळेश्वर आणि भुसावळ एकाच ओळीत! भुसावळचा उन्हाळा ज्याने काढलाय त्याला ही ओळ वाचून दाखवा आणि त्याचा चेहरा बघा. मला मान्य आहे की पाच दिवसांचे इशारे तुम्ही जिल्ह्यानुसार देता, जळगाव, धुळे, नंदुरबार वेगवेगळे दिसतात. पण गुरुवारी निघणारा पुढच्या आठवड्यांचा अंदाज आणि महिना बदलताना येणारा ऑक्टोबरचा अंदाज, हे बघायला गेलं की परत देशाचा नकाशा, त्यात आम्ही नखाएवढे, आणि त्या नखावर एक रंग. खान्देश म्हणजे काय एकच शेत आहे का, सातपुड्याच्या पायथ्याचं यावल वेगळं, साक्रीचं पठार वेगळं, तोरणमाळ तर त्याहून वेगळं. (तोरणमाळच्या धुक्याच्या रील मात्र सगळ्या महाराष्ट्रात पोचतात, त्याला अंदाज लागत नाही.)

त्या महिन्याच्या अंदाजात एक वाक्य हमखास असतं, ‘किमान तापमान सरासरीपेक्षा जास्त राहण्याची शक्यता’. आता हे वाचून शेतकऱ्याने काय समजायचं? रात्री गरम दोन कारणांनी असू शकतात. एक, समुद्राकडून ढग येऊन झाकोळून राहिलं म्हणून. तसं असेल तर दहिवर कमी, मी बायांना लवकर बोलवीन, पण केळीत आणि कापसात दुसरा त्रास बघावा लागेल. दोन, आकाश मोकळं आहे पण हवेतच वाफ इतकी की पारा खाली उतरायच्या आधीच दव धरतं. तसं असेल तर जाड दहिवर, धुई, उशिरा सुरुवात. आकडा तोच, माझ्यासाठी अर्थ एकदम उलटा. तुमच्या पडद्यावर दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या दिसत असणार, ढग किती, दवबिंदू किती, वारा किती. मग ते पुढचं अर्धं वाक्य आमच्यापर्यंत का येत नाही?

मला माहीत आहे महिनाभर आधी अमुक तारखेला धुई पडेल असं जगात कोणी सांगू शकत नाही. कोणी मागितलंही नाही. पण कल सांगता येतो ना. तुमच्या सुधारित तारखांप्रमाणे मान्सून राजस्थानातून १७ सप्टेंबरच्या आसपास निघतो आणि १५ ऑक्टोबरपर्यंत देशातून जातो, आमच्याकडून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात. तो उशिरा निघाला, जाता जाता हस्त नक्षत्रात दणकून पडून गेला, आणि मागे लगेच आकाश उघडलं, तर पुढचे दहा-बारा दिवस सकाळी धुई-दहिवर राहणार हे सांगायला सुपर कॉम्प्युटर पण लागत नाही, माझा काका सांगतो. त्याचं कॅलेंडर साधं आहे, २७ सप्टेंबरच्या सुमाराला हस्त, १० ऑक्टोबरच्या आसपास चित्रा, २३-२४ला स्वाती, आणि प्रत्येकाला त्याचं एक वाक्य ठरलेलं. पडतील स्वाती तर पिकतील माणिक मोती, वगैरे. आता त्या स्वातीत बोंडं फुटलेला कापूस भिजला की मोती कोणाचे पिकतात ते सोडून द्या, ती म्हण आमच्या पिकासाठी केलेली नसावी. पण मुद्दा असा की म्हाताऱ्याचा अंदाज तेरा-चौदा दिवसांच्या तुकड्याने बोलतो आणि पिकाचं नाव घेऊन बोलतो. म्हणून लोक ऐकतात.

तेच युट्यूबवर हवामान सांगणाऱ्यांचं. तुम्ही लोक त्यांच्यावर चिडता, अशास्त्रीय म्हणता, बरोबर असेल. पण तो माणूस मराठीत बोलतो, तारीख सांगतो, तालुका सांगतो, ‘कापूस वेचून घ्या’ म्हणतो. चुकला तरी लोक दुसऱ्या दिवशी परत बघतात कारण त्याने निदान आपल्या कामाचं नाव घेतलं. तुमचं पत्रक बरोबर असतं आणि ते कोणाला कळत नाही, त्याचं कधीतरी वाईट वाटून घ्या.

यंत्रं नाहीत असंही नाही. दिल्लीच्या विमानतळावर धुक्याचा अभ्यास करायला पुण्याच्याच आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने २०१५च्या हिवाळ्यापासून मोठा प्रयोग चालवलाय, उपकरणं लावून, धुकं कधी तयार होतं, कधी उठतं सगळं मोजतात, विमानांचा खोळंबा टळतो. चांगलं काम आहे, मनापासून सांगतो. आमचा त्या धुक्याशी संबंध एवढाच की डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडच्या गाड्या भुसावळला चार-चार तास लेट येतात. २०२५च्या मे महिन्यात भारत फोरकास्ट सिस्टिम आली, ६ किलोमीटरच्या चौकटीत अंदाज, आधी १२चा होता, पंचायतीपर्यंत पोचणार असं सांगितलं गेलं. ६ किलोमीटर म्हणजे माझं गाव आणि शेजारचं गाव, बस. मग एवढं बारीक बघता येत असेल तर सकाळी ८ची आर्द्रता आणि दव उतरायची अंदाजे वेळ काढणं काय अवघड आहे? राज्याची महसूल मंडळातली हवामान केंद्रं आहेत, त्यांच्या आकड्यावर केळीचा विमा ठरतो, म्हणजे पैसे द्यायचे-नाकारायचे असतील तेव्हा तो आकडा मंडळापर्यंत बारीक होतो आणि सल्ला द्यायचा असेल तेव्हा परत मध्य महाराष्ट्र. हे काही तुमच्या एकट्याच्या हातात नाही हे कळतं मला, पण कोणीतरी एका टेबलावर बसून जोडलं पाहिजे की नाही.

मंगळवार-शुक्रवारचा कृषी सल्ला मी वाचतो, मेघदूत अ‍ॅपवर पण बघतो. त्यात ‘सकाळची आर्द्रता ८५, दुपारची ४०’ असे आकडे असतात. म्हणजे माहिती आहे! फक्त ती आकड्यात पडून आहे. आणि तो सल्ला स्थानिक करणारी माणसं जिथे बसायची ती देशभरातली १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रं २०२४मध्ये बंद केली गेली. तो निर्णय कोणाचा, पैसे कोणी थांबवले त्यात मी पडत नाही. पण आकड्याचं वाक्य करणारा माणूस काढून टाकल्यावर आकडा आकडाच राहणार.

रस्त्याचंही एक सांगून ठेवतो, फार लांबवत नाही. सुरत-नागपूर हायवेवर सकाळी ६ ते ८ धुईत बिनालाइटची ट्रॉली, बाजूला उभा ट्रक, आणि त्याच वेळेला एसटी पकडायला कडेकडेने चालत निघालेली शाळा-कॉलेजची पोरं. तुमच्या व्याख्येत दृश्यमानता १ किलोमीटरच्या खाली गेली की धुकं आणि २०० मीटरच्या खाली गेली की दाट. आमच्याकडे नदीच्या पुलावर २००च्या खाली जातं आणि पुलाच्या पुढे गेलं की लख्ख ऊन. डोळ्यावरचा पडदा एकदम पडतो नि एकदम उठतो. ऑक्टोबरमध्ये कोणाच्या मनातही नसतं की धुकं असेल, कारण गावभर पंखे चालू असतात. डिसेंबरात निदान माणूस सावध असतो.

तर मागणं काय. ऑक्टोबरचा अंदाज देताना खान्देशासाठी दोन ओळी वेगळ्या द्या, जिल्ह्याला एक दिली तर सोन्याहून पिवळं. त्यात दुपारचा पारा द्याच, पण त्याच्या शेजारी सकाळचं लिहा, या पंधरवड्यात धुई-दहिवराचा कल जास्त का कमी, आणि का, ढगांमुळे का वाफेमुळे. आणि रोजच्या अंदाजात ‘हवामान कोरडे’ या दोन शब्दांपुढे एवढंच जोडा, ‘सकाळी अंदाजे साडेनऊपर्यंत दव राहील’. शक्यता म्हणून द्या, ६० टक्के म्हणा, ७० म्हणा, आम्ही काय कोर्टात जाणार नाही. पाच वेळा बरोबर आणि दोनदा चूक आलं तरी चालेल, आज आमच्याकडे शून्य आहे. तालुक्यातल्या पाच-पाच शेतकऱ्यांना विचारा, दहिवर किती वाजता उतरलं एवढं रोज फोनवर टाकायला सांगा, मी स्वतः टाकतो हंगामभर, पैसे नकोत. पाल आणि ममुराबादची कृषी विज्ञान केंद्रं आहेतच, त्यांच्याकडे जमा करा आणि तुमच्या मॉडेलशी ताडून बघा, दोन हंगामात तुम्हालाच कळेल कुठे चुकतंय. पुण्यातलं तुमचं ते शिमला ऑफिस, १९२८ला शिमल्याहून उठून आलं म्हणतात, त्यातल्या कोणीतरी ऑक्टोबरमध्ये एकदा पहाटे ५ला इथे येऊन उभं राहावं अशी फार इच्छा आहे. येताना स्वेटर आणू नका, दुपारी फेकून द्यावासा वाटेल. जेवायला भरीत-भाकरी आमच्याकडे, वांगं नवीन निघालेलं असतं.

आणि एक विनंती वेळेची. तुम्ही जे काय द्याल ते आदल्या दिवशी संध्याकाळी ६च्या आत द्या. रात्री ९ला मेसेज आला तर त्याचा उपयोग नाही, ७नंतर मुकादम फोन उचलत नाही आणि रिक्षावाल्याने दुसऱ्याचं भाडं घेतलेलं असतं.

कळावे,
तापीकाठचा एक कापूसवाला
चोपडा तालुका, जि. जळगाव